रेघेवरचं पाणी

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतेस आणि विषय संपतो. शिवाय बाबा फोन मोठ्या आवाजावर टाकून मध्ये बसतात, म्हणजे आपल्या दोघींचं बोलणं राहतच नाही, सभा होते. म्हणून लिहितेय. पाकीट मुद्दाम तुझ्या चष्म्याच्या दुकानावर पाठवलंय, घरी नाही. तूही लिहूनच कळव.

विषय एकच, मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव. धाकट्याला जाऊन तीन वर्षं होतील. भाऊ माझा, नवरा तुझा, पण तो तलाव मात्र फक्त त्याचाच होता. तो गेला आणि तलावाची रया गेली. मागच्या खेपेला आले होते तेव्हा पाणी इतकं हिरवं होतं की त्यात पाय घालायचा धीर झाला नाही. आता डॉक्टर म्हणताहेत की बाबांच्या गुडघ्यांना कमरेभर पाण्यात चालण्याचा उपयोग होईल. मग आपल्या घरात तलाव असताना तो कशासाठी सडवायचा?

इथे नोकरीला आहे त्या हॉटेलात मी रोज बघते, तलाव नीट ठेवला तर माणसं किती खूश असतात. सोबत मी काढलेलं चित्र आहे. निळ्या फरशा, कडेनं लाकडी फळ्यांची वाट, दोन आरामखुर्च्या, भिंतीला दिवे. कोपऱ्यात अंघोळीचा फवारा. खर्चाचं मी बघते. तू फक्त माणसांवर लक्ष ठेव.

तुलाही विरंगुळा होईल गं. 'बरं' म्हणू नकोस.

तुझी,
नणंद

१६ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न.

पाकीट दुकानात पोचलं. मालकांनी विचारलं, "नव्या काचा आल्या का?" म्हटलं, "नाही, नणंदेचा हुकूम आलाय."

तुमच्या पत्रातलं 'तू फक्त माणसांवर लक्ष ठेव' मी दोनदा वाचलं. वन्सं, हे सगळं घर 'फक्त'वरच चाललंय. सकाळी फक्त बाबांचं आवरायचं. फक्त दोघांचा स्वयंपाक. मग दुकानात दिवसभर फक्त काचा घासायच्या आणि फ्रेमीत बसवायच्या. घरी आलं की फक्त तलावात उन्हानं उतरलेलं पाणी भरायचं आणि पानं काढायची. नाही काढली तर गाळणी तुंबते, पंप तापतो, आणि शेजारीण भिंतीवरून डासांचा हिशोब मागते. हे होते तेव्हा रविवारचा सगळा दिवस ते तलावात नाहीतर पंपाच्या खोलीत. माझा संबंध फक्त चहा नेऊन देण्यापुरता. आता चहाही मीच आणि पंपही मीच.

गेल्या आठवड्यात मांजर पडलं पाण्यात. जाळीनं काढलं. आभार मानायचं सोडून मला बोचकारून पळालं. घर पाहावं बांधून म्हणतात. ज्यानं म्हटलं त्यानं घराला तलाव बांधला नसणार.

रागावू नका, पण स्पष्टच लिहिते. आपण तो बुजवू या. माती टाकू, सपाट करू. मला तिथे एक खुर्ची टाकून बसायचंय. काही लावायचं नाही, काही पिकवायचं नाही. नुसतं बसायचंय.

तरी तुम्ही सांगितलंत म्हणून तलाव दुरुस्त करणारा माणूस बोलावला होता. तोंडाचा पट्टा चालूच. दर वाक्याला 'काळजी नको' म्हणतो, म्हणून मी त्याचं नावच काळजी-नको ठेवलंय. त्याचं म्हणणं, आधी तळ गळतो का ते बघायला हवं. बाबांना मी यातलं काही बोललेले नाही. ते खिडकीत बसून सगळं बघत असतात.

तुमची,
वहिनी

२३ फेब्रुवारी

वहिनी,

बुजवायचा? पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

बाबांनी माणसं लावून, स्वतः फावडं हातात घेऊन तो खणलाय. मी आठ वर्षांची होते. धाकट्यानं मला मागून ढकललं म्हणून मी पोहायला शिकले, नाहीतर आजही काठावरच उभी असते. तू आलीस तेव्हा तलाव आयता होता, तुला नाही कळायचं. माझं माहेर म्हणजे ते घर नव्हे, ते पाणी आहे.

पण मी आडमुठी नाही. तुझं आणि माझं एक ठरवू. त्या माणसाकडून परीक्षा करून घे. तळ गळत असेल तर मी हट्ट सोडला, बुजवून टाक. गळत नसेल तर मात्र दुरुस्त करायचा आणि तू कुरकुरायचं नाही. आहे कबूल?

बाबांना यातलं काही सांगू नकोस. उगाच त्यांच्या जिवाला घोर.

तुझी,
नणंद

९ मार्च

ती. वन्संना सा. न.

परीक्षा झाली. कशी ते सांगते, म्हणजे तुम्हाला शंका नको. काळजी-नकोनं तलावाच्या पायरीवर, पाण्यातच, एक बादली ठेवली. बादलीत तलावाचंच पाणी. एक रेघ बादलीच्या आत, पाणी जिथवर तिथे. दुसरी तलावाच्या भिंतीवर, तशीच. उन्हानं दोन्हीकडचं पाणी सारखंच आटणार. तलावातलं जास्त उतरलं तर तो गळतोय, इतकी साधी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी बघतो तर बादलीतलं पाणी रेघेखाली बोटभर. तलावातलं बरोब्बर रेघेवर. काळजी-नको डोकं खाजवत उभा. "बाई, गळणं सोडाच, ह्यानं उन्हालाही थेंब दिला नाही!" परत केली परीक्षा. परत तेच. मग म्हणाला, "एवढा गुणी टँक मी जन्मात बघितला नाही. काळजी नको." बाबा खिडकीतून ऐकत होते. ते त्याला म्हणाले, "गळत नाही ना? मग निघा आता."

तुम्ही जिंकलात. मी कुरकुरणार नाही, कबूल केलंय. पण एक गोष्ट लिहिते, ती कुणालाच सांगितलेली नाही.

दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. मालक जुनी खोकी ठेवतात तिथे. हवी तर घ्या म्हणाले मला. एक खिडकी, एक ओटा, अंगण नाही. मी मनात गणित मांडलं होतं. तलाव बुजला की बाबांसाठी दिवसभराची बाई बघायची. तीन बायकांना विचारलं होतं मी. बाबांना सांभाळायला बाई मिळते, वन्सं, पण बाबा आणि तलाव दोन्ही सांभाळायला कुणी तयार होत नाही. एक तर तलाव बघून बाहेरच्या बाहेर गेली. बाई मिळाली असती तर आठवडाभर मी वर राहिले असते आणि सुटीला घरी. बाबांना टाकून चालले होते असं समजू नका. थकलेय, एवढंच आहे. झोपून उठले तरी थकलेलीच असते.

जाऊ दे. तलाव गुणी निघाला. कामाला माणसं कधी पाठवायची ते कळवा.

तुमची,
वहिनी

१७ मार्च

प्रिय वहिनी,

बघ! मी म्हणत नव्हते? बाबांच्या हातचं काम आहे ते, गळेल कसं?

माणसं सोमवारपासून. चित्राची जाड कागदावरची प्रत पाठवतेय, ती त्यांच्या डोळ्यांसमोर राहू दे. फरशा निळ्याच घ्यायच्या, त्यांनी हिरव्या गळ्यात मारल्या तर परत पाठव.

खोल्यांचं वाचलं. अगं, दुकानाच्या वर, खोक्यांत? चांगलं घर सोडून? लोक मला विचारतील. तुला आत्ता कंटाळा आलाय म्हणून तसं वाटतंय. तलाव एकदा निळा दिसायला लागला की तुझा पाय घरातून निघायचा नाही, लिहून ठेव.

तुझी,
नणंद

२८ एप्रिल

ती. वन्संना सा. न.

तुमची तीन पत्रं आली, माझं एकही गेलं नाही. रागानं नाही. बसायला मिळालं नाही.

घरात आठ माणसं आहेत. त्यांना सकाळी किल्ली हवी, मग विजेची वायर हवी, मग चहा, मग मोरी, मग परत चहा. दुकानातून मला अर्ध्या दिवसाची रजा घेऊन यावं लागतं. धूळ इतकी की डाळ निवडताना दगड आधी दिसतात. तुमच्या चित्रावर गवंड्यानं चहा सांडला, आता तुमच्या दोन आरामखुर्च्या तपकिरी झाल्यात. खोल्या नको म्हणून मी मालकांना सांगून टाकलं. ते बिचारे म्हणाले, "राहू द्या तशाच, कुठे पळून जातात?"

पण लिहायला बसले ते वेगळ्या कारणानं. काल तलाव पुरता उपसला. काळजी-नको तळात उतरला आणि तिथूनच ओरडला. मधोमध, तळाच्या निचऱ्याच्या जाळीपासून पायरीपर्यंत, तडा. सुरीचं पातं जाईल एवढा. पात्याला खालची ओली माती लागते.

तो वर आला तो माझ्यावरच. "बाई, ह्यात पाणी रेघेवर राहणं शक्यच नाही. खरं सांगा, परीक्षेच्या वेळी तुम्ही नळी सोडत होतात?"

"मी कशाला सोडू? मला तर तो गळायलाच हवा होता!" हे मी इतक्या मोठ्यानं बोलले की गवंड्याची थापी थांबली.

तेवढ्यात खिडकीतून बाबा म्हणाले, "मी सोडत होतो."

मी आत गेले. म्हटलं, पोराची आठवण आहे त्या पाण्यात, आणि मी ते बुजवायला निघाले होते. "बाबा, एवढा जीव होता तलावात तर मला सांगायचं तरी."

"तलाव गेला खड्ड्यात," बाबा म्हणाले.

"मग?"

"गळतो म्हटलं असतं तर माणसं आली असती. फोडाफोड, धूळ, दिवसभर चहा. तू आधीच संध्याकाळी भिंत धरून चालतेस. मी बघतो ना. म्हटलं, गळत नाही असं ठरलं की तो आपल्या वाटेनं जाईल आणि तू बसशील घटकाभर. तू अंघोळीला गेलीस की नळी सोडायचो. रेघेपर्यंत."

वन्सं, हसावं की रडावं तुम्हीच सांगा. आपण दोघी शहाण्या. त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पत्रं लिहिली. त्यांना कानोकान कळू दिलं नाही की गळला तर बुजणार आणि नाही गळला तर माणसं येणार. त्यांनी आपलं बरोबर उलटं धरलं, आणि मला विसावा मिळावा म्हणून गुडघे दुखत असताना रोज नळापर्यंत गेले.

मग मी सगळं सांगितलं. आपला ठराव, दुकानावरच्या खोल्या, ती खुर्ची. बाबा एवढंच म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही."

मी मागे गेले आणि कोरड्या तलावाच्या पायरीवर बसून रडले. हे गेले तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा करण्यात माझं रडायचं राहून गेलं होतं. माणसं भली आहेत. सगळीजणं एकदम सिमेंट कालवायला लागली.

तडा भरतो म्हणतोय काळजी-नको. भरू दे. मला आता काहीच वाटत नाही.

तुमची,
वहिनी

६ मे

वहिनी,

पत्र येऊन चार दिवस झाले. रोज कागद घेत होते आणि ठेवून देत होते.

मी तुला तलाव दिला, विरंगुळा म्हणून. खरं कारण वेगळं होतं. घर छान झालं तर तू राहशील, तू राहिलीस तर बाबांचं बघायला कुणीतरी आहे, आणि मग मला यावं लागणार नाही. हे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. परवा आरशासमोर उभी राहून सांगितलं. बरं नाही वाटलं.

मी येतेय. हॉटेलातून सहा महिन्यांची लांब रजा घेतली. वरिष्ठ म्हणाले, इतकी वर्षं एक दिवस मागितला नाहीत, आता एकदम? म्हटलं, साठलीय.

मालकांना विचार, खोल्या अजून आहेत का. ह्या वेळी 'बरं' म्हण.

तुझी,
नणंद

२० जून

ती. वन्संना सा. न.

तुम्हाला माझ्या घरच्या पत्त्यावर पत्र लिहिताना हात अडखळला. आता तो तुमचा पत्ता, माझा नव्हे.

खोल्या लागल्या. खोकी अजून अर्धीअधिक इथेच आहेत, त्यांच्यावरच कपडे ठेवते. पहिल्या रविवारी जाग आली तर ऊन पलंगावर. दचकून उठले. मग आठवलं, कुणाचंच काही करायचं नाहीये. परत झोपले. करमतं का म्हणून विचारू नका, अजून झोपच पुरी झाली नाही.

काही गोष्टी राहिल्या सांगायच्या. बाबांना 'चहा घेता का' विचारू नका, नाहीच म्हणतात. नुसता पुढे ठेवा. गोळ्या समोर उभं राहून द्यायच्या, नाहीतर खुर्चीच्या गादीखाली जातात. पंप घरघरला तर घाबरायचं नाही. घरघरायचा थांबला तर घाबरायचं.

तुम्ही कशा आहात? पत्रात सगळं तलावाबद्दलच लिहिता.

तुमची,
वहिनी

१० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

कशी आहे विचारलंस. पार चोथा झालाय माझा.

हॉटेलात माझ्या हाताखाली माणसांचा ताफा होता. मी म्हणायचे, "तलाव स्वच्छ करून घ्या," आणि तो व्हायचा. तेव्हा वाटायचं मला तलावातलं कळतं. इथे मी आहे आणि तुझी ती जाळी आहे. मांजर माझ्यावेळीही पडलं. मलाही बोचकारलं. शेजारणीनं डासांचं विचारलं. दिवसातून दहा वेळा तुझी आठवण येते आणि प्रत्येक वेळी आधी लाज वाटते.

आता झालं ते सांगते. तडा भरला, फरशा बसल्या, निळ्याच. पाणी भरलं. दिसायला खरंच देखणा होता गं, दोन दिवस मी काठावरून हलले नाही. मग पावसानं चार दिवस उघडीप दिली, तेव्हा भरलेला तडा टिकतो का बघायला काळजी-नकोनं परत बादली ठेवली. परत दोन रेघा.

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी बोटभर खाली, आणि तलावातलं बरोब्बर रेघेवर.

तो खूश. "बघा, म्हटलं नव्हतं? काळजी नको." मी मात्र मागे वळून बघितलं. नळी ओली. नळापासून खुर्चीपर्यंत ओल्या चपलांचे ठसे. आणि खुर्चीत बाबा, पायजमा घोट्यापर्यंत भिजलेला, चेहरा असा की आपण त्या गावचेच नाही.

"बाबा, परत?"

"तू दमलीस गं," ते म्हणाले. "नाही टिकला म्हणाला तर परत आठ माणसं येतील. तू काल उभ्या उभ्या जेवलीस."

वहिनी, मला जे रडू फुटलं ते थांबेचना. जन्मभर मी माणसांना कामाला लावलं. तू दमलीस, असं मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही. आणि तू दमलीस हे गुडघे धरून चालणाऱ्या माणसाला खिडकीतून दिसत होतं. मला तुझ्या पत्रात लिहिलेलं होतं, तरी वाचता आलं नाही.

ह्या वेळी मी त्यांना विचारलं. शेजारी बसून, साधं. "बाबा, तलावाचं काय करायचं?"

"बुजव," म्हणाले. "पोहणारा गेला. पाणी कुणासाठी राखायचं?"

"आणि तुमचे गुडघे? डॉक्टर पाण्यात चालायला सांगतात ना?"

"रोज नळापर्यंत चाललो की, दोन्ही वेळच्या परीक्षेला. आणखी किती चालू?"

काळजी-नकोला खरं सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण तोही माणूसच. सगळं पाणी झाडांना आणि शेजारणीला दिलं, डासांच्या बदल्यात. मग माती आली. पहिलं फावडं बाबांनी टाकलं, काठी माझ्याकडे देऊन. दुसरं मी टाकलं. निळ्या फरशा झाकल्या गेल्या तेव्हा मी तोंड फिरवलं. खोटं कशाला बोलू? पण पाणी गेलं आणि माहेर राहिलं. ते खुर्चीत बसून पेपर वाचतंय.

बाबांसाठी बाई मिळाली. मागे तलाव बघून पळाली होती तीच. मागचं दार उघडून बघितलं, माती बघितली, आणि हो म्हणाली. म्हणजे रजा संपल्यावरही तुला तिकडेच राहायचं आहे, हे धरून चाल. दर दोन महिन्यांनी मी येईन, ते माझं काम.

माती आता बसलीय. काल बाबा काठी टेकत मधोमध जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "तिची खुर्ची कुठे टाकायची?" म्हटलं, तिलाच विचारते.

येऊन दाखव. घाई नाही.

तुझी,
नणंद

१४ ऑगस्ट

ती. वन्संना सा. न.

रविवारी येते. जाग येईल तेव्हा निघेन.

खुर्ची भिंतीच्या सावलीला ठेवा, बाबांच्या खिडकीसमोर, म्हणजे त्यांना मी बसलेली दिसेन. चहा मात्र मी करणार नाही.

तुमची,
वहिनी